तोंडाने तपासलेला व्हॉल्व्ह

फोटोवाल्यांची गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा धाकट्या मिस्तरींचा जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. फोटोवाले म्हणजे बाजारातल्या स्टुडिओचे मालक. सगळं आयुष्य लोकांना "हलू नका" म्हणण्यात गेलेलं, म्हणूनच की काय, स्वतःला मात्र पळणारी गाडी लागायची. टर्बोची, लाल रंगाची. तिच्यावर इतका जीव की त्यांची बायको तिला सवत म्हणायची.

"मिस्तरी, पाय उचलला की आत काहीतरी फडफडतं. कबुतर अडकल्यासारखं," फोटोवाले म्हणाले. "आणि आज संध्याकाळच्या आत हवी हो. लेकीचे दिवस भरलेत, जावई बाहेरगावी. ती तिकडे एकटी आहे. मला निघायलाच हवं."

"मिळेल," धाकटा म्हणाला. गॅरेज दोघा भावांचं होतं, आणि दिलेली वेळ चुकवायची नाही हा थोरल्याचा नियम होता. थोरला आता वरच्या खोलीत पलंगाला खिळलेला होता, पण नियम खाली हिंडत-फिरत होता.

दुखणं काय ते धाकट्याला बॉनेट उघडायच्या आधीच कळलं. टर्बोचा पंखा इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. पाय उचलला की इंजिनाची झडप मिटते, पण पंखा फिरतच असतो. कोंडलेल्या हवेला जायला वाट हवी, म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडतो, 'फुस्स' होतं आणि सगळं मोकळं. त्याच्या डोक्यावर स्प्रिंगचा स्क्रू असतो. तो जास्त आवळला तर व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि हवा उलटी फिरून फडफडत पंख्यावर आदळते. फार सैल ठेवला तर हवा सदानकदा गळते आणि गाडी मरगळते. बस, एवढंच. पण हे एवढंच जमवायला कान लागतो, आणि कान होता थोरल्याचा.

धाकट्याने व्हॉल्व्ह सोडवला, पुसला आणि जिना चढून वर नेला. खरं तर गरज नव्हती. पण महिनोन्महिने पडून असलेल्या माणसाला कुणीतरी काहीतरी विचारावं लागतं, नाहीतर तो नुसता आजारीच राहतो. वर्षानुवर्षं गाड्यांना रंगाचे फवारे मारून थोरल्याच्या फुप्फुसांची पार चाळण झाली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. वहिनी त्याच्या पाठीला उशा लावून बसलेली असायची, आणि त्याच्या छातीतून जुन्या भात्यासारखा आवाज यायचा.

"आण इकडे," थोरला म्हणाला. "अजून माझ्या तोंडासारखं गेज नाही तुझ्या दुकानात."

व्हॉल्व्हच्या नळीला त्याने ओठ लावले. ही त्यांची जुनी पद्धत. तोंडाने आतली हवा ओढायची आणि जिभेने नळी बंद करायची. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत. थोरल्याने ओढलं, जीभ लावली, डोळे मिटून थांबला. पडदा पक्का होता. धाकट्याने पटकन नळीवर रबराची टोपी चढवली, आतली पकड किती वेळ टिकते ते बघायला.

तेवढ्यात थोरल्याला खोकल्याची उबळ आली. वहिनी पाणी घेऊन धावली. खाली राहिलेला त्याचा फोन वाजायला लागला, घरी गेलेल्या फोटोवाल्यांचाच असणार. त्या गडबडीत धाकटा व्हॉल्व्ह घेऊन तसाच खाली उतरला.

त्यांच्या उस्तादाने दोघांना एक गोष्ट कान पिळून शिकवली होती. तोंडाने ओढलेलं तोंडानेच परत फुंकायचं, आणि ज्याने ओढलं त्यानेच. आत थुंकी राहते, ओल धरते, पडदा कुजतो, हे कारण. पण उस्ताद आणखीही म्हणायचा, परक्याच्या यंत्रातलं काही आपल्या छातीत ठेवू नये. त्यावर दोघे भाऊ हसायचे. त्याची नक्कल करायचे. पण फुंकायला कधी चुकले नव्हते. आज चुकले.

धाकट्याने टोपी काढून व्हॉल्व्ह जागेवर बसवला, नळीला रबरी होज जोडला, गाडी चालू केली आणि पाना हातात घेतला.

आभाळ भरून आलेलं होतं. गॅरेजात दिवसाही दिवा लावावा लागला. ऑइलचा, तापलेल्या रबराचा वास दाटला होता. त्याने बॉनेटखालूनच हाताने रेस दिली आणि सोडली. फडफड झाली. त्याच वेळी डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीतून काहीतरी ऐकू आलं. त्याने पुन्हा रेस दिली, सोडली. खाली फडफड, वरही फडफड.

"भावजी!" वहिनीचा आवाज आला. "जरा वर येता का? ह्यांचं कसंतरीच होतंय."

तो वर धावला. थोरल्याचे डोळे विस्फारलेले होते. श्वास बाहेर पडायच्या ऐवजी गळ्यातच अडखळत होता, फड-फड-फड, आणि उलटा आत जात होता. आतमध्ये खरंच कबुतर अडकलं होतं. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाली आला, गाडी बंद केली आणि पुन्हा वर गेला. थोरला नेहमीसारखा, जुन्या भात्याच्या आवाजात, श्वास घेत होता.

"काय झालं होतं रे दादा?"

"काय माहीत," थोरला म्हणाला. "तू स्क्रू फार आवळलायस एवढं कळलं."

धाकटा हसला. हसण्यासारखं नव्हतं, पण हसला. वरून थोरल्याला खालचा आवाज ऐकू येणारच, त्यात काय एवढं, असं त्याने स्वतःला समजावलं. खाली येऊन त्याने लॉकनट ढिला केला आणि स्क्रू किंचित सैल केला. रेस दिली, सोडली. फडफड कमी झाली. वरचीही कमी झाली. आणखी थोडा सैल. मग एकदा असा नेमका 'फुस्स' झाला की कुठल्याही मिस्तरीने पान्याला नमस्कार करावा. स्वच्छ, भरलेला, मोकळा आवाज.

वर शांतता पसरली. मग वहिनी जिन्यात आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते धाकट्याला आधी ओळखताच येईना, इतके दिवस त्याने ते पाहिलं नव्हतं.

"भावजी, हे चहा मागतायत."

थोरला उशा टाकून बसला होता, ताठ. गालावर रंग आला होता. खाली गाडी स्लोवर चालू होती आणि तिच्या लयीत त्याचा श्वास संथ, सरळ, कुठेही न अडकता चालला होता. तो बोलत होता. एका दमात आख्खं वाक्य! वहिनी चहा गाळता गाळता रडत होती. थोरल्याने तिची टिंगल केली, "चहात मीठ नको हो." तिघेही हसले. धाकट्याला वाटलं, आपण काय ते समजून घ्यायच्या फंदात पडू नये. आंबे खावेत, झाडं मोजू नयेत. तो अधूनमधून खाली जायचा आणि रेस द्यायचा. वर थोरल्याची छाती भात्यासारखी नव्हे, तरण्या माणसासारखी भरून यायची, आणि रेस सोडली की 'फुस्स' करून श्वास सुटायचा. असा दुपारभर खेळ चालला. गाडी बंद करायचं त्याच्या हातून होईना.

पण इंजिन तापलं. काटा लाल रेघेकडे सरकला. त्याने जड हाताने चावी फिरवली.

वर कप फुटला.

थोरला बसल्या जागी थांबला होता. 'थांबला' याला दुसरा शब्द नाही. डोळे उघडे, तोंड अर्धवट उघडं, आणि छाती निश्चल. जुन्या भात्याचा आवाजही नव्हता. तो तरी त्याचा स्वतःचा होता. आता छाती तोही विसरली होती. वहिनी त्याला गदागदा हलवत होती. धाकटा जिन्यावरून पडत-झडत खाली गेला आणि चावी फिरवली. इंजिनाने एकदा खाकरून सूर धरला, आणि वर थोरल्याने हवा ओढली.

धाकटा तिथेच टायरला टेकून बसला. ओढलेलं परत फुंकलेलं नाही. आता त्याला सगळं लख्ख दिसत होतं. व्हॉल्व्हमधली हवा दादाच्या छातीत राहिली होती, आणि ती हवा व्हॉल्व्हचं ऐकत होती.

मग फुंकायला लावू! त्यात काय अवघड आहे? पण व्हॉल्व्ह सोडवायचा तर गाडी बंद करायला हवी, आणि गाडी बंद केली तर... त्याने डोकं चालवलं. काच धुण्याच्या पाण्याची लांब नळी शोधली. चालू गाडीतच व्हॉल्व्हचा होज काढून तिथे ती नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक जिन्यावरून थेट थोरल्याच्या पलंगापर्यंत नेलं. होज काढताच थोरल्याचा श्वास पुन्हा फडफडायला लागला होता.

"दादा, फुंक! उस्ताद सांगायचा तसं, परत फुंक!"

थोरल्याला कळलं. त्याला ताबडतोब कळलं, हेच वाईट. त्याने नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि डोळे घट्ट मिटले. काही झालं नाही. श्वास त्याच्या सांगण्यावरून बाहेर येईना. फुंकायला आधी श्वास आपला असावा लागतो. त्याने पुन्हा प्रयत्न केला. कपाळावरच्या शिरा तटतटल्या. मग नळी हळूच बाजूला ठेवून तो भावाकडे पाहत राहिला. ते पाहणं धाकट्याला सोसलं नाही. नळीचं टोक घेऊन खाली येत त्याने स्वतःच फुंकलं, पुन्हा फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकलं. पण ज्याने ओढलं त्यानेच, हे तर तो लहानपणापासून जाणत होता. त्याने गुपचूप होज पुन्हा जोडला. वरची फडफड थांबली.

आणि नेमके तेव्हा फोटोवाले आले. हातात पिशवी, गळ्यात मफलर.

"वा, वा, मिस्तरी! काय सुरेल चालतेय. हेच तर पाहिजे होतं!"

"साहेब, अजून काम आहे," धाकटा म्हणाला. "उद्या न्या. हवं तर दुसरी गाडी देतो. माझी घेऊन जा."

"तुमची गाडी तुमच्यासारखीच आहे मिस्तरी, प्रामाणिक पण सावकाश. लेकीच्या पोटात दुखायला लागलंय हो. आत्ताच फोन आला." त्यांचा आवाज एकदम उतरला. "मला पोचू द्या."

इकडे आड, तिकडे विहीर. धाकटा बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. सगळं सांगावं तर काय सांगणार? कोण ऐकणार? तरी त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"धाकट्या," थोरला खिडकीत उभा होता. महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पायावर. "वेळ दिलेली आहे ना? मग गिऱ्हाइकाची गाडी अडवू नकोस."

"दादा, अरे..."

"मला कळतंय." त्याने फोटोवाल्यांकडे पाहिलं. "तिथे एक पोर अडलीय. दे गाडी."

धाकट्याने चालू गाडीत, जीव मुठीत धरून, आपल्याकडचं सगळं पेट्रोल ओतलं. हे कुणी करू नये. त्यानेही आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"साहेब, एकच विनंती. वाटेत गाडी बंद करू नका."

"का? स्टार्टर गेलाय?"

"हो... तसंच समजा. आणि पोचलात की बंद करायच्या आधी मला फोन करा. काहीही झालं तरी. तुमच्या लेकीची शपथ."

"अहो, शपथ कसली घालता?" फोटोवाले जरा चमकले, पण घाईत होते. "करतो, करतो." लाल गाडी वळणापलीकडे गेली.

वर तिघे जण बसून राहिले. करण्यासारखं काही नव्हतं. वहिनीने दवाखान्यात फोन लावला, तर तिकडून म्हणाले, श्वास नीट चाललाय ना, मग सकाळी आणा. थोरला डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या श्वासातून धाकट्याला आख्खा रस्ता दिसत होता. हा बाजारातला चौक. हा सिग्नल. आता गाव संपलं, आता गाडी मोकळी सुटली. छाती भरत होती, फुस्स होत होती, पुन्हा भरत होती. फोटोवाले बेफाम हाकत होते. त्या वेगाने थोरल्याचा जीव दमत होता आणि तोच वेग त्याला जिवंतही ठेवत होता.

मग श्वास स्लोवर आला. आणि बंद झाला.

"भावजी... भावजी!"

धाकट्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. थोरल्याचे ओठ निळे पडायला लागले. वहिनी त्याचे तळवे घासत होती, घासत होती. अखेर फोन उचलला गेला.

"अहो, रेल्वेचं फाटक बंद आहे. किती वेळ धूर काढत बसू?"

"चालू करा!" धाकटा किंचाळला. "आत्ता! पाया पडतो तुमच्या!"

तिकडे चावी फिरली. इकडे थोरल्याने पाण्यातून वर आल्यासारखी हवा ओढली. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. तिला एव्हाना सगळं समजलं होतं, आणि समजूनही ती नुसता त्याचा हात धरून राहिली. धाकट्याने आपल्या उभ्या हयातीत शेकडो इंजिनं दुरुस्त केली होती, आणि सख्ख्या भावासाठी फोनवर ओरडण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं.

खोलीत अंधार झाला. वहिनीने दिवा लावला. श्वास चालूच होता, लांबच्या सरळ रस्त्यासारखा. धाकटा फोनकडे बघत बसला होता. फोन वाजला तेव्हा तो दचकला.

"मिस्तरी, आजोबा झालो हो!" फोटोवाले रडत-हसत होते. "नात झाली. दोघी सुखरूप. तुमचे उपकार कसे फेडू?"

"साहेब, गाडी... गाडी बंद करू नका. ऐका माझं..."

"गाडी? अहो, ती केव्हाच बंद केली. आल्या आल्या धावतच आत गेलो, फोन करायचा राहूनच गेला. चिडू नका. अडीअडचणीत विसरतो माणूस."

धाकट्याने पलंगाकडे पाहिलं. थोरल्याची छाती वर येत होती, खाली जात होती. फुस्स.

"चालूच राहिली असेल. जरा बघता का?"

पावलांचा आवाज आला. "हे काय, दारातच उभी आहे. बॉनेट गार पडलंय. चावी माझ्या खिशात आहे. का हो?"

"काही नाही," धाकटा म्हणाला. "अभिनंदन."

वहिनीने त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं. "बंद आहे? गाडी बंद आहे, आणि हे..." तिने पदर तोंडावर दाबला. "सुटले हो! स्वतःचा श्वास घेतायत. भावजी, सुटले!"

धाकट्यालाही क्षणभर तसंच वाटलं. मग थोरल्याच्या श्वासाने गियर बदलला.

ते वहिनीला कळणार नव्हतं. धाकट्याच्या कानातून मात्र सुटणं शक्य नव्हतं. चढ लागला होता. कुणीतरी खालचा गियर टाकून दाबून चालवत होतं. फोटोवाल्यांचा हात असा नव्हता. हा हात थंड होता, सराईत होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. आवाज हळूहळू बारीक होऊ लागला. धाकट्याने थोरल्याच्या छातीवर पंजा ठेवला. छाती जोराने हलत होती. आवाज मात्र लांब गेला होता, माळापलीकडे गेलेल्या गाडीचा यावा तसा.

"दादा," तो पुटपुटला. "कोण चालवतंय रे?"

थोरल्याने डोळे उघडले नाहीत. पलीकडे, फार लांब, ती दुसरीच कुठली तरी गाडी थांबली. स्लोवर राहिली. मग निघाली, आणि निघताना जड निघाली. कुठल्याही मिस्तरीला नुसत्या आवाजावरून कळतं, गाडीत एक माणूस आहे की आणखी कुणी बसलंय.

आवाज आता परत मोठा होत होता. जो कोण होता, तो एकाला घेऊन आता दादासाठी इकडेच येत होता.

"येतायत," वहिनी डोळे पुसत, हसत म्हणाली. "बघा ना भावजी, श्वासाला कसा जोर येतोय. परत येतायत हे."

धाकटा उठला. त्याने खोलीच्या दाराला कडी घातली, खिडकी लावून घेतली आणि खिडकीला पाठ टेकून उभा राहिला. फुस्स, पलंगावरून आवाज आला, आधीपेक्षा पुष्कळ जवळून. मग पुन्हा फुस्स. वहिनी उठून थोरल्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करू लागली.